एका तारेची वीणा : देवगिरी ते अंगकोर



मागच्या सहलीत अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आपण पद्मपाणीच्या भव्य चित्रापुढे उभे होतो. तेथेच वीणा वाजवणारा किन्नर काढलेला आहे. तो पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ही वीणा आता कुठे ऐकायला मिळेल?" त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर आम्ही शिक्षकांनी पुस्तके चाळली. अजिंठ्यातल्या त्या वीणेचा माग काही लागला नाही. पण तिच्याच गोतातल्या दुसऱ्या एका वीणेची हकीकत हाती आली, आणि ती आपल्याला थेट कंबोडियापर्यंत घेऊन गेली.

प्रथम जवळचे पाहू. अजिंठ्याहून पुढे गेले की देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. तेराव्या शतकात तेथे यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेवाचे काम राज्याचे हिशेब पाहण्याचे, पण त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ आजही संगीतशास्त्राचा मोठा आधार मानला जातो. (गणित आवडणाऱ्यांना गाण्यातले कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) ग्रंथाचे सात अध्याय आहेत. त्यांपैकी सहावा वाद्याध्याय. त्यात एकाच तारेची एकतंत्री वीणा आहे, तशीच आलापिनी वीणाही आहे. आलापिनी म्हणजे एक दांडी आणि तिला जोडलेला भोपळा. हा भोपळा वादक छातीशी धरून वाजवीत असे.

आज आपल्या भागात आलापिनी कोणी वाजवीत नाही. झारखंडात आदिवासी बांधवांचे 'तुईला' हे तसेच छातीशी धरण्याचे वाद्य आहे, तेही आता फार थोड्या हातांत उरले आहे. म्हणजे आपल्याकडे ग्रंथ राहिला, हात गेले.

आता कंबोडिया. शार्ङ्गदेवाच्या थोडे आधी तेथे खमेर राजा सातवा जयवर्मन राज्य करीत होता. त्याने बांधलेल्या बायोन मंदिराच्या आणि त्याहून जुन्या अंगकोर वाटच्या भिंतींवर वादक कोरलेले आहेत. खमेर लोकांत आजही 'क्से दिएव' नावाचे वाद्य आहे. नावाचा अर्थच 'एक तार'. दांडीला अर्धा भोपळा बांधलेला असतो. वादक तो छातीवर टेकवतो, आणि कमीअधिक उचलून आवाजाचा भरणा बदलतो. शार्ङ्गदेव तेथे गेला असता, तर त्याला हे वाद्य ओळखीचे वाटले असते. अशा वीणा भारतातून समुद्रमार्गे तिकडे गेल्या, असे अभ्यासक मानतात. तेथील दरबारी वाद्यवृंदाला 'पिनपिएत' म्हणतात. त्यातला 'पिन' हा शब्द वीणेवरून आला असे सांगतात. मात्र यावरून सगळे आपणच शिकवले असा गर्व धरू नये. पिनपिएतमधील गोलाकार मांडलेल्या काशाच्या घंटा आणि बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांचे 'रोनेआत' ही तिकडचीच घडण आहे. वादनापूर्वी ते उदबत्ती व मेणबत्ती लावून गुरूंना वंदन करतात. गुरूला त्यांचा शब्द 'क्रू'.

खमेर संगीत मुख्यतः कागदावर नव्हते. ते गुरूच्या बोटांतून शिष्याच्या बोटांत जात असे. त्यामुळेच पुढे जे घडले ते फार भयंकर ठरले. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या गटाने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. जानेवारी १९७९ पर्यंत सुमारे १५ ते २० लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि हत्यांत मरण पावली. त्यांत बहुतेक नावाजलेले वादक, नर्तक आणि त्यांचे गुरू होते. गुरू गेला की त्याला येणारी चालही गेली, कारण ती दुसरीकडे कोठेच नव्हती.

अर्न चोर्न-पोंड तेव्हा लहान मुलगा होता. पहारेकऱ्यांसाठी बासरी वाजवावी लागे म्हणून तो वाचला. पुढे अमेरिकेत वाढून तो मायदेशी परतला आणि १९९८ मध्ये उरलेल्या गुरूंना शोधण्याचे काम सुरू केले. कोणी पोटासाठी भलतेच काम करीत होते. या गुरूंना मानधन देऊन त्यांच्यापुढे मुले बसवली. 'चापेई' हे लांब दांडीचे वाद्य घेऊन हजरजबाबी कवने गाणारे अंध कलावंत काँग नाय हेही त्या काळातून वाचले. आपल्या निमाड-खानदेशातल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांची आठवण यावी, अशी ती कला. २०१६ मध्ये युनेस्कोने चापेईची तातडीने जपायच्या वारशांत नोंद केली. २०२४ मध्ये काँग नाय वारले, तोवर त्यांचे शिष्य तयार झाले होते.

पालकांना एक विनंती. आपल्या बुऱ्हाणपुरात अलीकडे युद्ध झाले नाही, तरी कपाटावर ठेवलेला तंबोरा आणि आजोबांना पाठ असलेली कीर्तनातली चाल या दोन्ही गोष्टी न वाजवता, न विचारताही संपतात. दसऱ्याच्या वाद्यपूजनाला घरातील जुने वाद्य शाळेत पाठवावे. तार तुटलेली असली तरी चालेल. सोबत चिठ्ठीत वाद्याचे नाव, ते कोण वाजवीत असे आणि कोणाकडून शिकले, एवढे लिहावे. ज्या आजी-आजोबांना जुन्या चाली येतात, त्यांनी शनिवारी शेवटच्या तासाला यावे. मुले ऐकतील, म्हणतील, आणि ध्वनिमुद्रणही करतील. त्यासाठी एक कपाट आणि एक ध्वनिमुद्रण यंत्र मिळावे, असा अर्ज आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिला आहे.