केल्या तीस, धरल्या बावीस

शास्त्रवाचन : १ करिंथ ९:१९-२७; २ तीमथ्य २:५; १ तीमथ्य ४:७-८



कुंभकोणम हे तामिळनाडूतील कावेरीकाठचे प्राचीन नगर. तंजावर तेथून जवळच असून हा सारा मुलूख एके काळी भोसले राजांच्या अमलाखाली होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. भाषांतरकारांच्या एका कार्यशाळेनिमित्त मी तेथे काही दिवस एका ख्रिस्ती कुटुंबात राहिलो. यजमानांचा मुलगा त्या वेळी ‘फंक्शनल फिटनेस’च्या विभागीय स्पर्धेची तयारी करीत होता.

हा प्रकार पुष्कळ वाचकांना नवा असेल. नित्याच्या जीवनात शरीराला जे करावे लागते तेच येथे कसरतीचे रूप घेते : ओझे उचलणे, ते वाहून नेणे, ढकलणे, ओढणे, खाली बसणे, उठणे, धावणे. अमेरिकेत २००० साली ‘क्रॉसफिट’ ही संस्था स्थापन झाली आणि २००७ पासून तिच्या स्पर्धा भरू लागल्या. ‘हायरॉक्स’ ही जर्मनीत सुरू झालेली स्पर्धा मे २०२५ मध्ये मुंबईतही झाली. तीत आठ वेळा एकेक किलोमीटर धावायचे आणि प्रत्येक धावेनंतर एक कसरत करायची असते.

तो तरुण स्पर्धेहून परतला तेव्हा मी विचारले, “कसे झाले?” तो म्हणाला, “अंकल, केल्या तीस, धरल्या बावीस.” जड चेंडू छातीशी धरून खाली बसायचे आणि उठता उठता तो भिंतीवरील खुणेवर फेकायचा, अशी ती कसरत होती. बसताना कंबर गुडघ्याच्या खाली गेली नाही किंवा चेंडू खुणेला लागला नाही, तर पंच तेथल्या तेथे “नो रेप” म्हणतो. घाम तितकाच गळतो, दम तितकाच लागतो; पण ती फेक मोजली जात नाही.

त्याचे हे उत्तर माझ्या मनातून गेले नाही, कारण कार्यशाळेत आमच्यापुढे नेमका १ करिंथचा नववा अध्याय होता.

१. नियमाप्रमाणे झुंजणे

करिंथकरांना खेळांची भाषा परिचित होती. त्यांच्या नगराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे सामने भरत. पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रेषित १८:११), आणि अनेक अभ्यासकांच्या मते इ.स. ५१ चे सामने त्याच अवधीत झाले. विजेत्याला मिळे तो पानांचा मुकुट, आणि तो काही दिवसांत वाळून जाई. नाशवंत मुकुटाचा उल्लेख वाचताच मूळ वाचकांच्या डोळ्यांपुढे तो उभा राहिला असेल.

तीमथ्याला लिहिताना पौल ‘नॉमिमॉस’ हा शब्द वापरतो. त्याचा अर्थ ‘नियमाला धरून’ असा आहे. ग्रीक लोक या बाबतीत कठोर होते. ऑलिंपियात खेळाडूंना दहा महिने नीट सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. इ.स.पूर्व ३८८ मध्ये युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. तेव्हा वसूल केलेल्या दंडातून झ्यूसचे कांस्यपुतळे घडवून ते क्रीडांगणाच्या वाटेवर उभे करण्यात आले. आत जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते पाहूनच पुढे जावे लागे.

वाचकहो, आपल्या उपासना, सभा, उपवास व दाने यांचा हिशेब आपण आकड्यांत ठेवतो. परंतु मोजणारा कोण आणि कोणत्या नियमाने मोजणार, हा विचार आपण क्वचितच करतो.

२. घोषणा करणारा स्वतः बाद होऊ शकतो

सत्ताविसाव्या वचनात दोन शब्द भाषांतरकाराला थांबवतात. पहिला ‘केरुसो’, म्हणजे घोषणा करणे. सुवार्ता गाजविण्यासाठी हाच शब्द येतो. आणि सामन्यांत स्पर्धकांची व विजेत्यांची नावे पुकारणारा तो ‘केरुक्स’. दुसरा ‘अडोकिमॉस’. हा शब्द धातूच्या परीक्षेतही वापरीत. मराठीत सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो. जे कसाला उतरत नाही ते ‘अडोकिमॉस’. इतरांना मैदानात पुकारून बोलावणारा स्वतःच कसाला उतरला नाही तर काय, ही प्रेषिताची भीती आहे.

आम्ही या शब्दावर सकाळभर चर्चा केली. दुपारी एका तरुण सहकाऱ्याने माझी एक चूक दाखवली. ती चूकच होती. तरीही माझ्या वयाचा व पदवीचा आधार घेऊन मी त्याला सर्वांसमक्ष कठोर शब्दांत गप्प केले. आत्मसंयमासाठी अचूक मराठी शब्द शोधणाऱ्या माणसाच्या हातून हे घडले. त्या रात्री “धरल्या बावीस” हे शब्द मला माझ्याविषयीच वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली. ती त्याने दिली. पण जे बोलले गेले ते परत घेता येत नाही, हेही मला कळले.

३. उपयोगी पडणारे बळ

मग पौलाच्या स्पर्धेचा नियम कोणता? तो त्याच अध्यायात आहे. मंडळीकडून उपजीविका घेण्याचा आपला हक्क तो आधी सिद्ध करतो आणि मग तो सोडून देतो. करिंथात त्याने तंबू शिवून पोट भरले (प्रेषित १८:३). दुर्बळांसाठी तो दुर्बळ झाला. म्हणजे देहाला दास करणे याचा अर्थ देहाचा द्वेष करणे असा नव्हे. दुसऱ्याच्या तारणासाठी आपला हक्क सोडता येईल इतके स्वतःला वश ठेवणे, हा त्याचा अर्थ आहे. तीमथ्याला सुभक्तीची कसरत करावयास सांगताना तो शारीरिक कसरत निरुपयोगी म्हणत नाही. तिचा लाभ मर्यादित आहे, एवढेच सांगतो.

निघण्याच्या दिवशी पहाटे मी एक दृश्य पाहिले. त्या तरुणाचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. मुलगा गुडघ्यांत वाकला, पाठ ताठ ठेवली, वडिलांना दोन्ही हातांनी सावकाश उचलले आणि खुर्चीत बसवले. वजन उचलण्याची हीच रीत तो रोज आखाड्यात गिरवीत होता. येथे पंच नव्हता, प्रेक्षक नव्हते. मला वाटते, ही खेप धरली गेली.

मननासाठी प्रश्न

१. देवाच्या सेवेत मी जे मोजतो, त्यातील कोणत्या गोष्टी नियमाच्या कसाला उतरतील?

२. जे मी इतरांना शिकवतो, त्यात मी स्वतः कोठे उणा पडतो? कोणाची क्षमा मागायची राहिली आहे?

३. माझा कोणता हक्क, कोणा दुर्बळ बंधूसाठी किंवा भगिनीसाठी, मी या आठवड्यात सोडून देऊ शकतो?