इतिहासही आवडतो आणि हिशेबही?

मुलगी इतिहासात रमते म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो: मग पुढे काय, बी.एड. की एमपीएससी? तिला आकडेमोडीचा कंटाळा नसेल, तर आणखी एक वाट आहे. संग्रहालयं, नाट्यसंस्था, जुनी ग्रंथालयं यांना कारभाराचा आणि पैशांचा सल्ला देण्याची. टोरँटोची लॉर्ड कल्चरल रिसोर्सेस ही कंपनी 1981 पासून हेच करते आहे. आपल्याकडे अशी माणसं मोजकी आहेत, गरज मात्र मोठी.

गरज कसली? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. कोठारातल्या वस्तूंचं तिकीट मिळत नाही, पण दमट हवा आणि कसर त्यांनाही सोडत नाही. आता समजा, एखाद्या ट्रस्टला एका कंपनीने नव्या दालनासाठी 50 लाख दिले. फीत कापली, फोटो छापून आले. जुनं कापड आणि कागद जपायचा म्हणून एसी रात्रीही चालू. वीजबिल, पहारेकरी, देखभालीचा करार मिळून वर्षाला 9 लाख. तिकिटांतून येतात 3. उरलेले 6 कोण देणार? दालनाला देणगीदार मिळतो, त्यातल्या दिव्यांना मिळत नाही. हा प्रश्न फीत कापण्याआधी विचारणं हे सल्लागाराचं काम, आणि तेही विश्वस्तांना न दुखावता. ही मंडळी बहुधा ज्येष्ठ, वर्षानुवर्षं पदरमोड करून राबलेली असतात. पहिल्याच बैठकीत स्लाइड लावून त्यांना शिकवायला गेलात, तर चहा मिळेल, काम मिळणार नाही.

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून केला, आणि 2008 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. अशा भागीदारीत कोण किती देणार आणि कोणाचा शब्द शेवटचा, हे आधी कागदावर आणणं, हेही सल्लागाराचं काम.

कायदाही कळायला हवा: धर्मादाय आयुक्तांकडची कामं, देणगीदाराला करसवलत देणारं आयकर कायद्यातलं कलम, परदेशी देणग्यांचे नियम. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्चावे लागतात. त्या कामांच्या यादीत वारसा आणि कलाही आहेत, पण मागणाऱ्यांच्या रांगेत शाळा आणि दवाखानेही उभे असतात.

पालकांना स्पष्ट सांगतो, पदवी हातात पडताच कोणी सल्लागार होत नाही. आधी एखाद्या संस्थेत किंवा कंपनीच्या सीएसआर विभागात पाच-सात वर्षं काढावी लागतात. नंतरही कमाई एकसारखी नसते. छोट्या ट्रस्टकडे फी द्यायला पैसे नसतात, घर चालतं ते मोठी संग्रहालयं, सरकारी प्रकल्प आणि कंपन्यांच्या कामावर. म्हणून नुसतं एमबीए करून थेट यात उडी घेऊ नये, असं माझं मत. बी.कॉम. किंवा सीए आणि त्याच्या जोडीला संग्रहालयशास्त्र, ही जोडी मला जास्त भक्कम वाटते. संग्रहालयशास्त्र बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून शिकवला जातो. कारभाराकडे ओढा असेल, तर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची इर्मा ही संस्था पाहावी.

मुलीला हे जमेल का, ते सुट्टीतच कळू शकतं. गावातल्या जुन्या वाचनालयाचा किंवा नाट्यमंडळाचा वार्षिक अहवाल मागून आणा. पगार, वीज, दुरुस्ती यांना पैसा कुठून येतो, ते तिला दोन पानांत लिहू द्या. लिहिताना ती रमली, आणखी तीन वर्षांचे ताळेबंद मागायला निघाली, तर प्रवेशाचे फॉर्म भरायला हरकत नाही.