नख रुतले तर कोपरा खोदू नका

रोवणी सुरू झाली की लाखांदूरपासून मोहाडीपर्यंत आपल्या मायबहिणी दिवसदिवस बांधीच्या चिखलात उभ्या असतात. पाय भिजून कातडी मऊ पडते आणि अंगठ्याचे नख बाजूच्या मांसात रुतते. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणीत बंद बूट घालणारे कामगार आणि पोलीस भरतीसाठी घट्ट बुटांत पळणारी मुले यांनाही हा त्रास होतो. एका अंगठ्यापायी आठवड्याची मजुरी बुडू शकते, म्हणून हे दुखणे आम्ही किरकोळ मानत नाही.

नख का रुतते?

बहुतेक वेळा आपण नख गोल आणि फार खोल कापतो. कोपऱ्यात राहिलेले टोक काट्यासारखे मांसात शिरते. दुखले की आपण ब्लेडने कोपरा पुन्हा खोदतो. दोन दिवस बरे वाटते. पण मोकळ्या जागेत मांस वर येते आणि वाढणारे नख त्यात आणखी घुसते. घट्ट बूट, ठेच आणि मुळातच वाकडे नख ही इतर कारणे.

घरी काय करावे?

नुसती लाली आणि दुखणे असेल, पू नसेल तर:

१. कोमट मीठपाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे पाय ठेवा, मग कोरडा पुसा.
२. मऊ झालेल्या नखाच्या कडेखाली स्वच्छ कापसाची बारीक वात हळूच सरकवा, रोज बदला.
३. पुढून मोकळी चप्पल वापरा.
४. चुना, शेण, राख लावू नका.

तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, पू आला किंवा लाली पसरली तर दवाखाना गाठा.

यांनी घरी उपाय करू नयेत

मधुमेह असलेल्यांनी आणि कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यांना दुखत नाही, म्हणून जखम हाडापर्यंत जाते आणि बोट कापण्याची वेळ येऊ शकते. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे नव्हे.

दवाखान्यात काय करतात?

बोट बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन रुतलेली नखाची पट्टी काढतात. ती पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल हे औषध लावतात. हे घरचे फिनाईल नव्हे. ते जखमेला कधीही लावू नका. साधारणतः रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. चिखलातली जखम असल्याने धनुर्वाताच्या इंजेक्शनचे जरूर विचारा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे सोय नसेल तर तुमसर किंवा साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय अथवा भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. पैशाअभावी दुखणे अंगावर काढू नका.

आणि आजपासून नख सरळ कापा. कोपरे कापू नका, ते बोटाच्या कडेपर्यंत मोकळे वाढू द्या. मुलांनाही तसेच शिकवा.