तीन मीटर कमी पडलेली तार

माझ्या पहिल्या अँटेनाची तार दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर कमी होती. तेवढ्यापायी दोन महिने गेले आणि सेटही जळला. हॅम रेडिओच्या छंदात नव्याने येणाऱ्यांची ही पायपीट वाचावी, म्हणून लिहितो आहे.

परवाना आला, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साइन, म्हणजे स्टेशनची ओळख, मिळाला आणि मी अश्हर फरहान यांच्या बिटएक्स आराखड्यावरून ४० मीटर बँडचा सेट जुळवायला घेतला. चार महिने रात्री जागून कॉइल गुंडाळल्या, डाख दिले. अँटेनाच्या वाट्याला मात्र एका रविवारची दुपार आली. सगळी चूक इथे आहे.

१४३ या आकड्याला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या लहरीच्या डायपोलची लांबी साधारण मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती येते वीस मीटर, म्हणजे दोन्ही हात दहा-दहा मीटरचे. आमच्या इमारतीची गच्ची चौदा मीटर. मी गच्चीत मावेल तेवढी तार कापली. सेट लावला तर बेंगळुरू, हैदराबादचे आवाज स्वच्छ येत होते. झालं, मला वाटलं अँटेना उत्तम आहे. ऐकायला कुठलीही तार चालते. बोलायला चालत नाही. हे मला त्या वेळी कोणी सांगायला हवं होतं.

मी सीक्यू, म्हणजे ‘ऐकणारं कोणीही बोला’, असं पुकारत राहिलो, उत्तर नाही. कधी दोष हवामानाला दिला, कधी सूर्यावरच्या डागांना. एका संध्याकाळी जळका वास आला आणि शेवटच्या टप्प्यातला आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर गेला. दुसरा घातला, तोही गेला. मग गावातले एक जुने हॅम काका एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा मीटर, घेऊन घरी आले. काटा थेट टोकाला. एसडब्ल्यूआर दीड असला तर जेमतेम चार टक्के शक्ती परत फिरते. तीनला पंचवीस टक्के, आणि माझं तर त्याच्याही कितीतरी पुढे होतं. "अरे, गच्ची लहान आहे म्हणून तार कशाला कापलीस?" काका म्हणाले. "पूर्ण वीस मीटर घाल. मधला भाग टाकीवर बांबूला चढव, टोकं मावत नसतील तर खाली वाकव."

तसंच केलं. तार आधी थोडी लांबच ठेवली, मग दोन्ही बाजूंनी सारखी, पाच-पाच सेंटिमीटर कमी करत मीटर पाहत गेलो. टोकं कोणाच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधली, कारण बोलताना सर्वांत जास्त व्होल्टेज तिथे असतं. विजेच्या तारांपासून तर इतकं लांब राहा, की अँटेना तुटून पडली तरी तिथवर पोचू नये. पावसाळ्यात काम झालं की सेटला लावलेली अँटेनाची कोॲक्स केबल काढून ठेवा.

दुसरी चूक अँटेना सुधारल्यावरची. आवाज पोचू लागला तसा उतावीळपणा वाढला. एका सकाळी फ्रीक्वेन्सी मोकळी वाटली आणि मी विचारपूस न करता बोलायला लागलो. तिथे नेट, म्हणजे हॅमची ठरलेल्या वेळची सामूहिक बैठक, चालू होती. चालत्या गाडीतून एक क्षीण स्टेशन निरोप देत होतं, ते मला ऐकू येत नव्हतं. माझ्या आवाजाखाली त्याचा निरोप बुडाला. कोणी रागावलं नाही, पण मला फार लागलं. अशा निरोपांवर किती काही अवलंबून असतं ते बघा: डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानात होते. त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचले. अशा वेळी एखादा उतावीळ माणूस मध्ये आला तर काय होईल? म्हणून आधी एक-दोन मिनिटं ऐका, मग फ्रीक्वेन्सी वापरात आहे का असं विचारा, थांबा, पुन्हा विचारा.

परवान्याच्या परीक्षेची भीती नको. रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परवान्याला मोर्स कोड लागत नाही आणि बारा वर्षांचं मूलही परवाना घेऊ शकतं. मात्र ऑनलाइन वॉकीटॉकी स्वस्त मिळतो म्हणून परवान्याआधी घेऊन हॅम बँडवर बोलू नका; तो गुन्हा आहे. पैसे साठवायचेच असतील तर पहिली खरेदी एसडब्ल्यूआर मीटरची करा.

परवाना मिळेपर्यंत ऐकायला कुठे जायचं? नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांना खुला आहे. घरी एसएसबी (हॅम बोलण्यासाठी वापरतात ती पद्धत) असलेला शॉर्टवेव्ह रिसीव्हर असेल तर उत्तमच. एसएसबी नसेल तर माणसाचं बोलणं बदकासारखं ऐकू येतं. सकाळी चहा झाला की ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये एलएसबी (एसएसबीचा खालचा पट्टा) लावून सावकाश फिरा, वही जवळ ठेवा, ऐकलेला प्रत्येक कॉल साइन वेळेसह लिहा. महिनाभर एवढंच करा.