घटक ४ : व्यवस्थापन-विचाराची स्थित्यंतरे आणि मराठी शब्द

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• व्यवस्थापन-विचारातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• काम करणाऱ्या माणसासाठी योजलेल्या शब्दांमागील दृष्टी ओळखता येईल.
• परिसरातील संस्थेच्या व्यवहारभाषेचे विश्लेषण करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अनेकांनी मिळून एखादे काम तडीस न्यायचे, तर कोणी काय करायचे आणि कोणी कोणाचे ऐकायचे, हे ठरवावे लागते. ही गरज कारखान्यांहून फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राकृत लेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. दान संघाच्या नावे आहे. अर्थात संघाजवळ सामाईक धन होते आणि एकत्र निर्णय घेण्याची रीतही होती. पुढे गावगाड्यात बलुतेदारांची कामे जन्माने ठरू लागली. कामाची वाटणी कशी असावी, याचा शास्त्र म्हणून विचार मात्र आधुनिक उद्योगांबरोबर सुरू झाला.

४.३ विचारातील टप्पे

(अ) शास्त्रीय व्यवस्थापन : फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कामाचे लहान भाग पाडून, प्रत्येकाला लागणारा वेळ मोजून, एकच उत्तम पद्धत ठरवावी असे प्रतिपादन केले. विचार व्यवस्थापकाने करायचा, कृती कामगाराने. येथे माणूस म्हणजे ‘हात’.

(आ) प्रशासकीय विचार : फ्रान्समधील खाण-अभियंता आंरी फायोल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी लेखी नियम आणि अधिकारांची उतरंड यांवर उभ्या असलेल्या नोकरशाहीचे विश्लेषण केले. येथे माणूस म्हणजे ‘पद’.

(इ) मानवी संबंधांचा विचार : शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. त्यांवरून एल्टन मेयो व सहकाऱ्यांनी असे मत मांडले, की सोबत्यांशी असलेले नाते आणि आपली दखल घेतली जाते ही भावना, यांचाही कामावर परिणाम होतो. १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगर यांनी माणूस मुळात कामचुकार असतो हे गृहीतच तपासायला घेतले. येथे माणसाला ‘मन’ मिळाले.

(ई) प्रणाली व प्रसंगानुरूप विचार : संस्था ही परिसराशी देवाणघेवाण करणारी प्रणाली असून सर्वत्र लागू पडणारी एकच पद्धत नसते, अशी भूमिका पुढे आली.

४.४ उदाहरण : साखर कारखान्याची भाषा

जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा ऊस अशा कारखान्याला जात असेल. या व्यवसायाची भाषा लक्षपूर्वक ऐका. भागधारक शेतकरी ‘सभासद’ असतो. सभेत बसण्याचा अधिकार त्या शब्दातच आहे आणि सहकाराचे तत्त्व एक सभासद, एक मत असे आहे. कार्यालयात ‘शेतकी अधिकारी’, ‘कार्यकारी संचालक’ अशी पदनामे येतात. फडात मात्र शब्द बदलतात : ‘टोळी’, ‘मुकादम’, ‘उचल’ आणि ‘कोयता’. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ ठरतो. दोन माणसे एका अवजाराच्या नावात सामावतात आणि स्त्रीचे श्रम वेगळे मोजलेच जात नाहीत.

म्हणजे एकाच उद्योगात सभासद, पद आणि हात हे तिन्ही एकाच हंगामात नांदतात. नवा सिद्धान्त आला म्हणून जुना नाहीसा होत नाही. भाषेतील जुन्या थरांप्रमाणे तो खाली टिकून राहतो. केवळ शब्द बदलूनही भागत नाही. ‘मानव संसाधन’ ही संज्ञा भारदस्त खरी, पण तीत माणूस पुन्हा साधनांच्याच यादीत बसतो.

४.५ सारांश

व्यवस्थापन-विचाराचा प्रवास हात, पद, मन आणि परिसर असा झाला. एखाद्या संस्थेत कोणता विचार खरोखर चालतो, हे तिच्या अहवालापेक्षा ती माणसांना कशी मोजते व कोणत्या नावाने हाक मारते, यावरून अधिक कळते.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. टेलर आणि मेयो यांच्या माणसाविषयीच्या कल्पनांतील भेद स्पष्ट करा.
२. ‘सभासद’ आणि ‘कोयता’ या शब्दांतून व्यक्त होणाऱ्या संबंधांची तुलना करा.
३. आपण काम करता त्या ठिकाणी माणसांसाठी वापरले जाणारे पाच शब्द नोंदवा व प्रत्येकामागील दृष्टी लिहा.