द्राक्ष, बेदाणा आणि सांकेतिक क्रमांक : शेतकऱ्यांनी व उत्पादक कंपन्यांनी काय ध्यानात ठेवावे?

एकाच वेलीवरचा घड ताजा विकला, वाळवून बेदाणा केला किंवा वाइन कारखान्याला दिला, तर शासनाच्या दफ्तरी त्याची नोंद वेगवेगळ्या क्रमांकाखाली होते. क्रमांक बदलला की कर बदलतो, सवलत बदलते आणि तपासणीचे नियमही बदलतात. बागेची छाटणी, फवारणी याकडे आपण जितक्या काळजीने पाहतो, तितके लक्ष या क्रमांकांकडे दिले जात नाही. ते क्रमांक कोणते व त्यांचा हिशेब कसा ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

दोन प्रकारचे वर्गीकरण

पहिले वर्गीकरण मालाचे आणि दुसरे व्यवसायाचे. या दोहोंची गल्लत करू नये. मालाच्या क्रमांकाला एचएसएन म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिचे पहिले सहा अंक जगभर सारखेच असतात. भारतात सीमाशुल्कासाठी ते आठपर्यंत वाढविले आहेत. व्यवसायाच्या क्रमांकाला एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण म्हणतात. त्याच्या आवृत्त्या १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ साली निघाल्या. अर्ज भरताना जी आवृत्ती लागू असेल तीच पाहावी.

मालाचे क्रमांक

द्राक्षाचे मुख्य शीर्षक ०८०६ आहे. त्यात ताजी द्राक्षे ०८०६१० आणि वाळलेली द्राक्षे ०८०६२० मध्ये येतात. वाइन मात्र २२०४ या निराळ्या शीर्षकात जाते. ताज्या द्राक्षांवर वस्तू व सेवा कर नाही. बेदाण्यावर ५ टक्के आहे. येथेच सांगली, तासगाव, पंढरपूर या पट्ट्यातील बेदाणा उत्पादकांचा प्रश्न उभा राहिला. स्वतःच्या बागेतील द्राक्षे शेडवर वाळवून विकणारा हा शेतकरी की व्यापारी?

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५५ व्या बैठकीत याचा खुलासा झाला. शेतकऱ्याने स्वतः पुरविलेल्या बेदाण्यावर कर देय नाही, असे स्पष्ट करण्यात आले. मात्र यातील ‘शेतकरी’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ समजून घ्यावा. २०१७ च्या कायद्यानुसार शेतकरी म्हणजे स्वतःच्या वा कुटुंबाच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती अथवा हिंदू अविभक्त कुटुंब. सवलत आहे ती या जमिनीतून निघालेल्या मालापुरती. यावरून दोन गोष्टी निघतात.

१) शेजाऱ्याची द्राक्षे विकत घेऊन त्यांचा बेदाणा विकला, तर तो आपल्या जमिनीचा माल राहत नाही.

२) शेतकरी उत्पादक कंपनी ही व्यक्ती नाही व अविभक्त कुटुंबही नाही. सभासद शेतकरी असले तरी कंपनीच्या नावाने विकलेल्या बेदाण्याला ही सवलत आपोआप लागू होत नाही.

उदाहरणादाखल हिशेब पाहू. १० टन बेदाणा १५० रुपये किलो भावाने विकला, तर किंमत १५ लाख रुपये होते. ५ टक्के दराने कर ७५ हजार रुपये होतो. नोंदणीकृत कंपनीने हा कर बिलात दाखवून खरेदीदाराकडून घ्यावयाचा असतो. बिल करताना तो राहून गेला व मागाहून मागणी आली, तर ती रक्कम सभासदांच्याच पैशातून भरावी लागेल. म्हणून माल कोणाच्या नावाने विकला जातो, हे पट्टी होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

व्यवसायाचे क्रमांक

२००८ च्या आवृत्तीत द्राक्षाशी संबंधित कामे पुढीलप्रमाणे येतात.

• द्राक्षाची लागवड : ०१२१
• काढणीनंतरची स्वच्छता, छाटणी, प्रतवारी : ०१६३
• फळे-भाजीपाला प्रक्रिया व टिकविणे : १०३०
• वाइन निर्मिती : ११०२
• खाद्यपदार्थांचा घाऊक व्यापार : ४६३०
• गोदाम व शीतगृह : ५२१०

कंपनीची नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या ओळख क्रमांकात पहिल्या इंग्रजी अक्षरानंतरचे पाच अंक हे उद्योगाचे असतात. उद्यम नोंदणीच्या वेळीही, म्हणजे १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या पद्धतीत, एनआयसी क्रमांक द्यावा लागतो. पुष्कळदा हे अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतले जातात आणि ‘माल विकतो ना, मग घाऊक व्यापार लिहा’ असे उत्तर दिले जाते. त्यात नुकसान होऊ शकते. २ जुलै २०२१ च्या आदेशानुसार घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते. पण त्यांना लाभ मिळतो तो अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच. प्रतवारी किंवा प्रक्रिया करणाऱ्या संस्थेने केवळ व्यापाराचा क्रमांक घेतला, तर लघुउद्योगाचे इतर लाभ तिच्या हातून निसटतात. प्रत्यक्षात होणारी सर्व कामे अर्जात नमूद करावीत. उलट, जे काम होत नाही त्याचा क्रमांक लोभाने घेऊ नये.

या आकड्यांचा उपयोग धोरण ठरविण्यासाठीही होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत पीक उत्पादन धरलेले नव्हते. पण पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया यांसारखे व्यवसाय धरले होते. बेदाणा शेडची नोंद व्यापार म्हणून झाली, तर त्या तालुक्यात प्रक्रिया उद्योग नाहीच, असा निष्कर्ष कागदावरून निघतो.

निर्यात साखळीतील नियम

परदेशी ग्राहकाला मालाचा क्रमांक पुरत नाही. माल कोणत्या बागेतून आला हेही त्याला हवे असते. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर उर्वरित अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. पुढे अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आणली. यात बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी, पॅकहाऊस व प्रमाणपत्रे एकमेकांशी जोडलेली असतात.

ही व्यवस्था असूनही २०१० मध्ये युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी या वाढरोधकाचे अंश आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती आणि तपासणीच्या यादीत हे रसायन त्या वेळी नव्हते. निर्यातदारांचे व बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. बागेचा नोंदणी क्रमांक असला तरी यादी अपुरी असेल तर तो तारत नाही, हा त्यातील धडा आहे. म्हणून दरवर्षी प्रसिद्ध होणारी रसायनांची यादी हंगामापूर्वी पाहूनच फवारणीचे नियोजन करावे.

शेतकऱ्यांसाठी सूचना

१) स्वतःच्या बागेतील व विकत घेतलेल्या द्राक्षांचा बेदाणा वेगळा ठेवावा; शेडवर व शीतगृहात पावत्याही वेगळ्या घ्याव्यात.

२) सातबारा, पीक पाहणी व शीतगृहाची पावती यांतील नाव एकच असल्याची खात्री करावी.

३) बिलावर ताजी द्राक्षे व बेदाणा यांचे क्रमांक योग्य पडले आहेत का, ते पाहावे.

४) कंपनीच्या संचालकांनी उद्यम प्रमाणपत्र काढून त्यावरील एनआयसी क्रमांक वाचावेत. चूक असल्यास दुरुस्ती करून घ्यावी.

५) निर्यातक्षम बागेची नोंदणी दरवर्षी कृषी खात्याकडे मुदतीत करावी व फवारणीची वही रोजच्या रोज लिहावी.

६) कंपनीमार्फत विक्री करण्यापूर्वी कर सल्लागाराचे मत लेखी घ्यावे.

द्राक्ष बागेत एकरी खर्च मोठा असतो. वर्षभर राबून तयार केलेला माल कागदावरील एका चुकीच्या आकड्याने अडू नये, यासाठी वर्षातून एक दिवस या कागदपत्रांच्या तपासणीसाठी राखून ठेवावा.