आकाशातून मातीची पाहणी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या सीमेलगत जत तालुका आहे. हा कमी पावसाचा मुलूख. कुठे काळी जमीन, तर कुठे मुरमाड माळ. (जमीन हा शब्द तुमच्या उर्दूतही आहेच.) शाळूची काढणी झाली, की कित्येक रानांत हिरवे पान दिसत नाही. अशा उघड्या रानात डिझेलचा टँकर उलटला, असे समजा. तेल मातीच्या कणांना चिकटून बसते. मग पावसाचे पाणी नीट मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. तेल खाली झिरपले, तर विहिरीचे पाणीही नासते. जिथे एकेक विहीर मोलाची, तिथे हे नुकसान लहान नव्हे.

असे तेल आकाशातून ओळखता येईल का?

वस्तूला हात न लावता दुरून तिची माहिती मिळवणे, याला सुदूर संवेदन म्हणतात. प्रत्येक पदार्थ सूर्यप्रकाशाचा काही भाग शोषतो आणि उरलेला परत पाठवतो. उपग्रहावरची यंत्रे हा परत आलेला प्रकाश मोजतात. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही त्यांना कळतात. तेल १.७३ आणि २.३१ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण शोषते. ही त्याची खूण होय. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

समुद्रावरचे तेल शोधणे त्या मानाने सोपे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली व इंधन तेल समुद्रात सांडले. तेलाच्या थराखाली बारीक लाटा दबतात, म्हणून रडारच्या चित्रात तो भाग काळा दिसतो. पण तेच तेल किनाऱ्यावरच्या कांदळवनांच्या चिखलात शिरले, की लाटांची ही खूण राहत नाही.

जमिनीवर फसगत फार होते. तेलकट माती काळपट दिसते, पण ओली मातीही काळपटच दिसते. कोरड्या मुलखातील मातीत चुनखडी असते. तीसुद्धा २.३ मायक्रोमीटरच्या जवळपासच किरण शोषते! शिवाय डाग लहान असेल तर तो चित्रात उमटतच नाही. १९९५ साली सोडल्या गेलेल्या भारताच्या आय.आर.एस.-१सी उपग्रहाच्या रंगीत चित्रातील एक ठिपका म्हणजे २३.५ मीटर लांब व तितकाच रुंद तुकडा, सुमारे साडेपाच गुंठे. त्यानंतरचे काही उपग्रह याहून पुष्कळ बारीक पाहतात, तरी गॅरेजसमोरचा हातभर डाग उपग्रहाने शोधावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मोठे डाग मात्र लपत नाहीत. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतमधील सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या किंवा फोडल्या गेल्या. वाळवंटात तेलाची तळी साचली. उपग्रहांच्या चित्रांत ती स्पष्ट दिसली आणि त्यांचे नकाशे तयार झाले. पुढे काही तळ्यांवर वाळू पसरली. वरून जमीन स्वच्छ दिसे, खाली मात्र तेल होतेच.

पीक उभे असेल, तर आणखी एक वाट आहे. तेलाने मुळे गुदमरली, की पानांतील हरितद्रव्य कमी होते आणि पानांवरून परतणारा प्रकाश बदलतो. पण पाण्याच्या ताणानेही पाने पिवळी पडतात, आणि जतला तो ताण काही नवा नाही! म्हणून संशयाची जागा नकाशावर खुणावली, की माणूस तिथे जातो, ठरावीक खोलीवरची माती खणतो आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो. त्या मातीत तेल किती, हे तिथेच ठरते.